आईचे पांढरे बूट

डॉक्टरांनी शुगरसाठी रोज तासभर चालायला सांगितलं, तेव्हा आईने आयुष्यात पहिल्यांदा बूट घेतले. साडीवर पांढरेशुभ्र बूट! आमच्या बेलवलीतल्या बायकांनी तिची यथेच्छ टिंगल केली. ती हसायची आणि तरातरा पुढे निघून जायची. बूट उल्हासनगरचे. "आंटी, पाँच साल बघायला नको," असं दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं होतं, आणि आईने ते खरं मानलं.

दर रविवारी ती ते जुन्या ब्रशने घासायची, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून गॅलरीत वाळत ठेवायची. तिसऱ्या वर्षीही ते कालच आणल्यासारखे दिसायचे. कुणाच्या गॅलरीत धुतलेले बूट दिसले, की मला अजून तिची आठवण येते.

त्याच वर्षी तिचे गुडघे दुखायला लागले. आधी फेरी अर्धी झाली, मग कोपऱ्यापर्यंत, मग तीही बंद. शुगर चढली. डॉक्टर इन्सुलिनचं बोलू लागले. मी पहिल्यापासून तापट. "कारणं सांगू नकोस, आळस आहे नुसता!" म्हणून तिच्यावर खेकसले.

चालणं थांबलं तरी बूट धुणं चालूच होतं. एका रविवारी तिला कणकण होती म्हणून ते मी धुवायला घेतले. पालथे केले आणि बघतच राहिले. तळ गुळगुळीत, टाचा बाहेरच्या अंगाने झिजून पार तिरक्या. फरशीवर ठेवले तर दोन्ही बूट बाहेर कलले. आत अंगठा दाबून पाहिला, फोमचा नुसता पत्रा झाला होता.

मी स्वतः रोज पळायचे. पोटऱ्या भरून यायला लागल्या की बूट बदलायचे, हे मला पाठ होतं. माझे बूट कधी घेतले ते मी कॅलेंडरवर लिहून ठेवायचे. तिचे मात्र तीन वर्षांत एकदाही उलटे करून पाहिले नव्हते. मला स्वतःचीच लाज वाटली.

संध्याकाळीच नवे आणले. पुढचे काही आठवडे बारवी धरणाच्या रस्त्यावर मी तिच्याबरोबर थोडं थोडं चालले. एका सकाळी ती न थांबता पुलापर्यंत गेली.

"अगं, दुखत नाही आज!" म्हणाली. मग जरा वेळाने, हळूच, "मला वाटलं, झाले आता म्हातारी. सांगायचं तरी काय कुणाला?"

ती तेव्हा पन्नाशीचीही नव्हती.