साच्यात रंग नसतो

चौथीनंतर मी पेणला गणपतीच्या कारखान्यात लागले. साच्यात शाडू दाबायचा, जन्मभर तेच काम. मुलगी तिथेच मूर्तींचे डोळे आखायची. तिचा हात चांगला होता, पण डोक्यात कॉम्प्युटर शिरलेला. तिला हवा तो क्लास रोह्याला होता. वडखळ, नागोठणे करत एसटीत अर्धा दिवस जायचा. एकदा ती नापास झाली. मी सांगून टाकलं, ‘परत नापास झालीस तर क्लास बंद. कायमची आखणीला बसायचं.’

सी प्लस प्लस नावाची कॉम्प्युटरची भाषा होती. परीक्षेआधी सरांनी घरातली एखादी वस्तू घेऊन सराव करायला सांगितलं. हिने मूर्ती घेतली. दोन दिवस क्लासातलं मशीन चूक दाखवत होतं. घरी कॉम्प्युटर नाही, म्हणून वहीत तेच परत परत लिहायची.

मी कामावरून आले, कंबर धरलेली. हिचं तोंड उतरलेलं.

‘काय गो, आज पण नाय झालं?’

‘नाय. तुला नाय कळायचं, आये.’

‘नाय तर नाय. सांग तरी.’

तिने सांगितलं. आधी साचा लिहायचा. मूर्तीला उंची असते, रंग असतो, एवढंच त्यात सांगायचं. मग त्यातून हव्या तेवढ्या मूर्ती काढायच्या.

‘आणि ही ओळ?’

‘रंग पिवळा.’

मुंबईच्या ऑर्डरी तशाच यायच्या, शंभर मूर्ती, सगळ्यांची पितांबरं पिवळी. म्हणून हिने रंग साच्यातच घातला.

‘कारखान्यात वाढलीस आणि साच्याला रंग देतेस?’

‘सगळ्या पिवळ्याच पायजेत ना!’

‘मग दे सगळ्यांना. पण बाहेर काढून दे.’

तिने वहीतली ती ओळ खोडली. ‘व्हय गो आये.’

‘आणि एका साच्यातून लहानमोठी मूर्ती कशी निघते?’

‘ह्याच्यातून निघते.’

‘मग तुझ्या सरांना पाठव इकडे. मालक पाया पडेल त्यांच्या.’

दुसऱ्या दिवशी तिने रंग मूर्ती काढल्यावर दिला. मशीन चाललं. पुढे परीक्षेत पास झाली, रोह्यात एका ऑफिसात लागली आणि तिथेच जवळ वरसे गावात खोली घेऊन राहिली. मी रडले वगैरे नाही. तेवढी ताकद नव्हती.

मालकाने विचारलं, ‘पोरगी कधी येते आखणीला?’

‘नाय यायची आता,’ म्हटलं.

त्या हंगामात दुसरी बाई मिळाली नाही. माती दाबून झाली की मीच डोळे आखायला बसायचे. तिच्यासारखा हात मला कुठला. काही गणपती तिरळे गेले असतील. कोणी परत आणून दिले नाहीत.