लूम थांबले की

फायली मी कपाटात कुलपात ठेवते, पण किस्से कुठले कुलपात राहायला! घरी भाजी निवडताना आठवतात आणि मी एकटीच हसत बसते. नावं बदलून सांगते. कुणी ओळखीचं वाटलं तरी गप्प बसा.

भिवंडीत, पॉवरलूमच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर माझी खोली. तिथे मुलांशी आणि त्यांच्या आईवडिलांशी बोलणं, हे माझं काम. खाली दिवसभर खडखडाट. सगळे म्हणतात, मॅडम, जागा बदला. का बदलू? आतलं बोलणं बाहेर बाकड्यावर ऐकू जात नाही. फुकटात प्रायव्हसी!

फक्त वीज गेली की पंचाईत. एकदा एका सुनेला मी ओरडून विचारलं, "सासूबाईंचा राग येतो का?" आणि नेमके तेव्हाच लूम थांबले.

बाहेरून सासूबाई कडाडल्या, "मलाही तिचा येतो! माझं पण नाव लिहा!"

पुढच्या वेळी दोघी एकत्र आत आल्या.

*

माझा जीव खरा टांगणीला लावला तो दिघाशी गावच्या वेदिकानं. वय सात. घरी अखंड बडबड, पण उंबरा ओलांडला की चिडीचूप. शाळेत दीड वर्षात एक शब्द नाही. शाळेनं निक्षून सांगितलं होतं, यंदा तोंडी परीक्षेत बोलली नाही तर दुसरी शाळा बघा.

बरं, सोबत आजी!

"नाव काय गं तुझं?"

आजी म्हणाली, "वेदिका."

"काय आवडतं तुला?"

"भाकर आन् सुकट."

"आजी, मी तिला विचारतेय."

"आगो, तिलाच आवडते!"

*

पूर्णा गावच्या गोदामातले एक सुपरवायझर. त्यांना म्हटलं, फोन बाजूला ठेवून रोज दहा मिनिटं मुलाशी खेळा. पंधरा दिवसांनी साहेब रजिस्टरच घेऊन हजर! तारीख, इन टाइम, आउट टाइम आणि लेकाची सही. मी कौतुक करणार, तेवढ्यात शेऱ्याचा रकाना दिसला.

"पप्पा ड्युटीवर हजर. पण घोरत होते."

*

लूमवर शिफ्ट करणारे एक वडील मुलाला घेऊन आले. "मॅडम, गुस्से का इंजेक्शन लगा दो."

मी अर्धा तास समजावलं, या वयात मुलं चिडतात, त्याला इंजेक्शन कशाला?

ते मान खाली घालून म्हणाले, "बच्चे को नहीं मॅडम. मेरे को."

मी डायरी उघडली. त्यांना दर गुरुवारची वेळ दिली.

*

इकडे वेदिकाची परीक्षा आठ दिवसांवर आली, आणि शब्द शून्य! मी आजीला हात जोडले. "आज तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही."

"माझा तोंड ऐकत न्हाय गो बाय. थांब, मिश्री लावते. मंग कशी बोलंन?"

डबी काढली, दातांना मिश्री चोळली आणि गाल फुगवून बसली. खरंच गप्प! वेदिकाही गप्प. मग मीही गप्प.

वीस मिनिटांनी आजीची चुळबुळ सुरू. तोंडाकडे बोट, खिडकीकडे बोट, डोळे मोठे.

"पाणी हवंय? पंखा लावू?"

आजी जोरजोरात मान हलवतेय. तेवढ्यात वीज गेली आणि लूम थांबले. कुणीतरी माझी ओढणी ओढली.

"मॅडम, तिला थुकायचाय. नायतर ती तुमच्या खिडकीतल्या कुंडीत थुकंल."

वेदिका! माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"बोल्ली गो!" आजी ओरडली. तोंड उघडून ओरडली. समोर मी, पांढऱ्या ड्रेसमध्ये.

परीक्षेच्या दिवशी शाळेतून बाईंचा फोन आला. आवाज तापलेला.

"मॅडम, वेदिकाची आजी वर्गात मिश्री लावून बसलीय. वर कागदावर लिहून दाखवतेय, डॉक्टरणीनं सांगितलंय! हे तुम्ही सांगितलंत?"

"ते राहू द्या हो. वेदिका बोलली का?"

"बोलली ना! मी विचारलं, तुझं नाव काय? तर म्हणते, 'वेदिका. बाई, पयले आजीला मोरी दाखवा!'"