अडचणीच्या दिवसांतली गोळी

"कुठून रक्त वगैरे येतं का?" दर महिन्याला डॉक्टर हा प्रश्न विचारायचे. नाडी माझी धरलेली असायची, प्रश्न मात्र माझ्या नवऱ्याला. तोही तयारच असायचा. "न्हाई सायेब, कुटं काय न्हाई." डॉक्टर मान हलवायचे, चिठ्ठीवर काहीतरी खरडायचे आणि पुढच्या पेशंटला हाक मारायचे. मी बाकावरून उठायचे तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी यायची, म्हणून टेबलाची कड धरायचे. तेही कुणाला दिसायचं नाही.

आणीबाणी उठल्यानंतरची ती वर्षं. आम्ही भोसरी गावातले. सासरची बरीचशी जमीन कारखान्यांच्या वसाहतीत गेली होती, उरलेल्या तुकड्यात भाजीपाला व्हायचा. नवरा आकुर्डीच्या बाजूला एका कंपनीत लागला होता. एके दिवशी सकाळी मी कांदा चिरत होते आणि सुरी हातातून गळून पडली. उचलायला गेले तर बोटं ऐकेनात. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. दुपारपर्यंत सगळं जागेवर आलं, म्हणून सासूबाईंनी दृष्ट काढली आणि विषय संपवला. नवऱ्याला मात्र ते पटलं नाही. त्याने मला पुण्याच्या मोठ्या इस्पितळात नेलं, हे त्याचं चांगलं केलेलं मी विसरत नाही.

लहानपणी मला सांधेदुखीचा ताप येऊन गेला होता. त्याने हृदयाची एक झडप आवळली होती, हे तिथे कळलं. ठोके चुकतात, रक्त आत साकळतं, त्याची गाठ धरते. त्यातलीच एक बारीकशी गाठ डोक्यात गेली होती. पुढची बारीकच असेल असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यावर उपाय म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी, रोज संध्याकाळी, जन्मभर. कमी पडली तर गाठ, जास्त झाली तर रक्त थांबायचं नाही. म्हणून दर महिन्याला येऊन रक्त तपासायचं आणि गोळी एक दिवसही चुकवायची नाही. माझ्या पदरात लहान मुलगी होती. मी मनाशी ठरवलं, जेवण चुकेल पण गोळी नाही.

ठरवणारी मी कोण? गोळ्यांची बाटली सासूबाईंनी स्वयंपाकघरातल्या उंच फळीवर ठेवली, पोरीच्या हाती लागू नये म्हणून. ते शहाणपणाचंच होतं. पण आमच्या घरात बाईला अडचण आली की चार दिवस स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही. शेतात खुरपायला चालायचं, शेण काढायला चालायचं, धुणं चालायचं. चूल, पाण्याचे हंडे आणि देव तेवढे शिवायचे नाहीत. आणि आता गोळ्यांची बाटलीही. नवऱ्याची दुसरी पाळी असली की संध्याकाळी तो घरी नसायचा. मग पडवीत बसून मी आत हाक मारायचे, आणि सासूबाई हातातलं काम आटपलं की बाहेर येऊन वरूनच माझ्या तळहातावर गोळी टाकायच्या. नेम चुकला की गोळी घरंगळत मोरीत. "जाऊं दे, उद्या घे," म्हणून त्या आत जायच्या.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायलाही बसले नसते. गोळी सुरू झाल्यापासून माझे चार दिवस चार राहिले नाहीत. आठवडा झाला, मग पंधरवडा. जुन्या लुगड्याचे कपडे पुरेनात. पहाटे उठून ते धुवायचे आणि दुसऱ्या लुगड्याखाली झाकून वाळत घालायचे, यातच माझा जीव जायचा. सासूबाईंना हे दिसत होतं. त्या काही दुष्ट नव्हत्या. खारीक उगाळलेलं दूध करायच्या आणि पेला माझ्यापासून हातभर लांब ठेवायच्या. पण गोळी मागितली की म्हणायच्या, "अगं, एवढं अंगावरनं जातंय, आन् वर ती रगात पातळ करायची गोळी? मरायचं हाय का तुला?"

ऐकताना मलाही ते खरंच वाटायचं. त्या गोळी बंद करायच्या. मी न्हाऊन आत आले की गोळी पुन्हा सुरू. नेमकी त्याच सुमाराला पुण्याची तारीख यायची. तपासणीत रक्त घट्ट निघायचं, डॉक्टर गोळी वाढवायचे. ती वाढलेली गोळी मी इमानाने घ्यायचे, आणि पुढच्या अडचणीला आधीपेक्षा दुप्पट जायचं. की सासूबाई गोळी बंद करणार. घाण्याचा बैलसुद्धा संध्याकाळी सुटतो. माझं हे महिन्यामागून महिने चाललं होतं.

एकदा डॉक्टर नवऱ्यावर वैतागले. एवढी गोळी देऊन रक्त असं कसं, घरी गोळ्या चुकवता की काय, असं त्यांनी चारचौघांत सुनावलं. बसच्या थांब्यावर नवऱ्याने तो राग माझ्यावर काढला. गोळी गिळायला तुला काय होतं, म्हणाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिथेच त्याला सगळं सांगितलं, गोळी कुठे असते आणि मी कुठे असते ते. त्याने आधी आजूबाजूला पाहिलं, कुणी ऐकतंय का म्हणून. "हळू बोल," म्हणाला. "असलं डॉक्टरला कसं सांगायचं? पुरुष माणूस हाय त्यो."

त्याला माहीत नव्हतं असं नाही. बायकांचं ते काही रक्त येण्यात धरायचं नसतं, एवढंच त्याला पक्कं माहीत होतं. खरं सांगायचं तर मलाही तसंच शिकवलेलं होतं. नाकातून आलं, हिरड्यांतून आलं तर ते आजारपण. हे आपले बाईचे भोग, ते इस्पितळात कुणी काढतं का?

मग पुढच्या अडचणीत, गोळी बंद असताना, धुण्याच्या दगडावर माझ्या हातातलं लुगडं सुटलं. उजव्या हाताला मुंग्या आल्या, बोटं लाकडासारखी झाली. थोडा वेळच. मी डाव्या हाताने उजवा हात पाण्यात धरून बसून राहिले आणि मोजून शिव्या दिल्या, कुणाला ते आता आठवत नाही. पोर अंगणात खेळत होती. हिला मोठी झालेली मी पाहणार आहे की नाही, एवढं एकच डोक्यात होतं.

त्या आठवड्यातच पुण्याला गेलो. डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न टाकला, नवऱ्याने नेहमीचं उत्तर दिलं. डॉक्टर गोळी वाढवायला पेन टेकवणार, तेवढ्यात मी बोलले.

"मला पाळीत पंधरा-पंधरा दिवस जातं. आणि ते जातं म्हणून घरात गोळी बंद करतात."

नवऱ्याची मान खाली गेली. डॉक्टरांनी पेन ठेवलं. "मग इतके महिने मी विचारत होतो, रक्त येतं का म्हणून?"

"ते तुम्ही ह्यांना विचारत होता," मी म्हणाले.

पहिल्यांदाच डॉक्टरांनी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली. मग मला बायकांच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं, लोहाचं औषध लिहून दिलं, गोळी कमी केली. आता ही गोळी कुठल्याही दिवसांत थांबता कामा नये, असं त्यांनी मला सांगितलं, नवऱ्यालाही सांगितलं.

घरी आल्यावर नवरा आईपुढे उभा राहिला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "आई, त्या दिवसांत गोळी चुकली तर ही ऱ्हात न्हाई." सासूबाई कितीतरी वेळ तांदूळ निवडत राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः बाटली फळीवरून काढली आणि पडवीतल्या कोनाड्यात आणून ठेवली. तिथेच माझं त्या दिवसांतलं अंथरूण आणि ताट-तांब्या असायचा. मला वाटलं, जिंकले. त्या दिवसांत माझी गोळी मी माझ्या हाताने घेतली, आणि पडवीत बसून एकटीच हसले.

अडचण सरली. मी डोक्यावरून न्हाले, ताट-तांब्या घासून घेतला आणि बाटली घेऊन आत निघाले. सासूबाई उंबऱ्यात आडव्या आल्या.

"तू ये आत. ती ऱ्हाऊं दे बाहीर."

मी न्हाऊन शुद्ध झाले होते. बाटलीला कुठलं न्हाणं? त्या दिवसापासून बाटली बारा महिने पडवीतच राहिली. पोरीचा हात पोचू नये म्हणून मी ती फडक्यात बांधून आढ्याच्या खुंटीला टांगायचे. गोळी पुन्हा कधी चुकली नाही. रक्त बरोबर निघायला लागलं, हाताला मुंग्या परत आल्या नाहीत, आणि पोरीचं लग्नही मी पाहिलं.

माझा जीव वाचावा असं सासूबाईंना मनापासून वाटत होतं, यात मला तिळमात्र शंका नाही. त्यासाठी त्यांनी एक बाटली कायमची घराबाहेर काढली. त्या दिवसांत मला आत घेणं त्याहून सोपं होतं. ते त्यांच्या मनातही आलं नाही, आणि त्याचा राग माझ्या मनातून आजही जात नाही.