ओडेसाचं पत्र

ओडेसा प्रूइट जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढते. तळलेली कोंबडी मधात बुडवून खाते. सामना हरली की सगळ्या टीमचे टॉवेल एकटी धुते. चार वर्षं एका खोलीत राहून मला एवढंच नक्की कळलं.

आज पाचपर्यंत तिला ठरवायचं होतं: आणखी एक वर्ष कॉलेजकडून बास्केटबॉल खेळायचं, की व्यावसायिक संघांच्या निवडीत उतरायचं. उतरलं की परतीची वाट बंद. कोच आमच्या खोलीत बसून कॉलेजला द्यायचं पत्र सांगत होत्या, ती लिहीत होती.

"डावा हात कच्चा आहे तुझा, पोरी. कोणी घेणार नाही."

"पहिल्या वर्षीही हेच म्हणालात, कोच. पोस्टर मात्र गावभर माझंच लावलंत."

"आणि नाहीच घेतलं तर?"

"तर त्यांनी तसं माझ्या तोंडावर सांगावं."

ती उठून निवडीसाठी नाव द्यायला गेली. टेबलावरचं पत्र 'मी पुढच्या वर्षीही' इथपर्यंतच लिहून झालं होतं.