वरचेकाकांचा खालचा माणूस

वरचेकाका. जन्म एकोणीसशे एक्कावन्न, मृत्यू दोन हजार एकोणीस. कागदोपत्री त्यांना तीन शब्दांचे भारदस्त नाव होते. परंतु पगारपत्रक आणि लग्नपत्रिका यांखेरीज ते कोठे वापरले गेल्याचे मला ठाऊक नाही. गोदीतील सर्वांत उंच क्रेनच्या केबिनमध्ये त्यांनी सारी नोकरी काढली, म्हणून ते 'वरचे'. आणि लहानथोरांशी लळ्याने वागत, म्हणून 'काका'. माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे, ते यजमान. मी त्यांना भाऊजी म्हणत असे; पाठीमागे मात्र मीही वरचेकाकाच म्हणे, हे नमूद करणे उचित होय.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी ताईला त्यांचे डोळे पिवळे दिसू लागले. "नव्या दिव्याचा उजेड आहे," असे म्हणून त्यांनी तो विषय मिटवला. पुढे अंगाला खाज सुटली, तेव्हा तपासण्या झाल्या. यकृतातून पित्त वाहून आणणाऱ्या दोन नलिका जेथे एकत्र येतात, नेमकी तेथे कर्करोगाची गाठ होती. डॉक्टरांनी आधी एक बारीक नळी घालून अडलेल्या पित्ताला वाट करून दिली. कावीळ उतरल्यावर शस्त्रक्रिया, आणि ती रोबोटच्या साहाय्याने, असे ठरले.

ताईच्या डोळ्यांसमोर चालताबोलता लोखंडी माणूस उभा राहिला. "त्याला मध्येच काही सुचलं तर हो?" तिने विचारले.

शल्यचिकित्सक मृदू बोलणारे गृहस्थ होते. "त्याला काही सुचत नाही. पोटावर लहान छिद्रं पाडून त्यातून यंत्राचे बाहू आत जातात. मी खोलीच्या कोपऱ्यात बसून, पडद्यात डोकं घालून ते चालवतो. मी मनगट वळवलं की आतलं अवजार वळतं."

ताईचा जीव भांड्यात पडला. वरचेकाका मात्र खुर्चीत ताठ झाले.

"म्हणजे तुम्ही माझ्यापासून लांब बसणार?"

"त्याच खोलीत. पण हो, थोडा लांब."

"आणि आत कशाला धक्का लागला, ओढ बसली, तर हाताला कळतं?"

"आमच्या यंत्रात जवळजवळ कळतच नाही. डोळ्यांनी ओळखावं लागतं. सवय होते."

"होते. मलाही झाली होती. मग खाली कोण असतं?"

"खाली?"

"मालाजवळ हो!"

येथे थोडा खुलासा आवश्यक आहे. क्रेन चालवणाऱ्यास मालाची पलीकडची बाजू दिसत नाही. ती पाहणारा, मालाजवळ उभा राहून हातांनी खुणा करणारा मनुष्य निराळा असतो. गोदीत त्याला सिग्नलवाला म्हणत. त्याच्या खुणेवाचून क्रेनचा आकडा हलवायचा नाही, आणि थांबण्याची खूण कोणीही केली, अगदी झाडूवाल्याने केली, तरी थांबायचे, असा तेथील नियम. एकदा सिग्नलवाला जेवायला गेला म्हणून वरचेकाकांनी एका जहाजाच्या कप्तानाला ताटकळत ठेवले होते.

"त्या माणसाला भेटल्याशिवाय मी सही करणार नाही," त्यांनी जाहीर केले.

"अहो, तुम्ही माल नाही आहात!" ताई कडाडली.

"मग काय आहे? झोपवलेला, बांधलेला, तोंडातून शब्द न काढणारा."

"तो शेवटचा गुण असता तर संसार किती सुखाचा झाला असता!"

डॉक्टर हसले, परंतु त्यांनी स्पष्ट बजावले की गाठ रक्तवाहिनीला वेढून बसली तर ती काढताच येणार नाही, तेव्हा दिवस दवडू नयेत. त्या रात्री ताईने जेवणाचे ताट तसेच सरकवून ठेवले.

दुसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टरीणबाई डोक्यावरची कापडी टोपी न काढताच खोलीत आल्या.

"तुम्हीच का माझा खालचा माणूस?"

"असं अजून कुणी म्हटलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी पेशंटच्या पोटाशी उभी असते. बाहूंची अवजारं बदलते, रक्त ओढून घेते, बाहू एकमेकांवर आपटत नाहीत ना ते बघते."

"थांबवायचं असेल तर काय करता? आमच्याकडे असं." त्यांनी दोन्ही हात आडवे पसरले.

"सरांचं डोकं पडद्यात असतं, काका. मी हात पसरले तर त्यांना दिसणार नाहीत, नर्सच्या नाकावर मात्र बसतील. मी तोंडानं सांगते."

"सांगा बघू."

"सर, थांबा."

"सर नंतर. आणि घरात बाळ झोपलंय का? मोठ्यानं!"

"थांबा!"

"अजून."

"थांबा!!"

दारातून ट्रे घेऊन आत येणारी नर्स जागच्या जागी खिळली. वरचेकाका प्रसन्न झाले. "चालेल," ते म्हणाले, आणि त्यांनी पेन मागितले.

"माझीही एक अट," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वरून खालचा माणूस कसा दिसतो ते मला बघायचंय."

"बरा झालो की क्रेनवर नेतो. बदल्यात मला त्या पडद्यापुढच्या खुर्चीत बसवायचं."

"ठरलं."

शस्त्रक्रियेच्या दिवशी दुपार कलली तेव्हा शल्यचिकित्सक बाहेर आले. यकृताला रक्त पुरवणाऱ्या धमनीला गाठ चिकटलेली आढळली होती. त्यांनी काम थांबवले, यंत्र बाजूला सारले, पोट उघडले आणि पुढचे हातांनी केले. गाठ आणि तिच्यालगतचा यकृताचा भाग निघाला होता. उरलेली नलिका आतड्याला जोडली होती.

"म्हणजे रोबोट फसला?" ताईने विचारले.

"नाही. आम्ही वेळेवर थांबलो."

शुद्धीवर आल्यावर वरचेकाकांचा पहिला प्रश्न होता, "थांबा कोण म्हणालं?"

"ती," शल्यचिकित्सक म्हणाले.

"छे! सरांनी आधीच हात सोडले होते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पुढे अनेकदा विचारूनही उत्तरे बदलली नाहीत. "दोघंही दुसऱ्याचं नाव घेतात. टोळी बरी आहे," असा निकाल त्यांनी दिला. लहान छिद्रांऐवजी पोटभर व्रण आला, तो ते येणाऱ्याजाणाऱ्यास दाखवीत. "सदरा खाली करा, पदक नाही मिळालेलं," असे ताई दर वेळी म्हणे.

प्रकृती सावरल्यावर त्यांनी शब्द पाळला. टाके घातलेल्या पोटाने शिडी चढण्यास मनाई होती. म्हणून त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या चालकाबरोबर डॉक्टरीणबाई वर गेल्या, आणि वरचेकाका आयुष्यात प्रथमच सिग्नलवाल्याचे पिवळे जॅकेट घालून खाली उभे राहिले. त्यांनी रिकामा आकडा उचलवला, हळू आणवला, मग दोन्ही हात पसरले. आकडा थांबला.

"चेहरा दिसत नाही हो काका," खाली उतरल्यावर त्या म्हणाल्या. "नुसते हात दिसतात. सगळा भरवसा त्यांच्यावर."

यानंतर पावणेतीन वर्षांनी आजार यकृतात परतला, आणि ते घरीच, ताईजवळ, गेले. 'थांबा' कोण म्हणाले, हा प्रश्न अनिर्णित राहिला. खुर्चीचे देणेही राहिले होते. एकदा ते त्यासाठी रुग्णालयात गेले होते तेव्हा यंत्रावर रुग्ण होता, आणि दुसऱ्या वेळेपर्यंत त्यांच्यात चालण्याचे त्राण उरले नव्हते.

भेटीस आलेल्या डॉक्टरीणबाईंनी ही खंत बोलून दाखवली. ताईने डोळे पुसले. "मग मला बसवा. त्या लोखंडी माणसाला मला एकदा बघायचंच आहे."

सुटीच्या दिवशी आम्ही गेलो. मेजावर सरावासाठी रबरी कड्या मांडल्या होत्या. ताई खुर्चीत बसली, चष्मा सारखा केला, दोन्ही हातांची बोटे यंत्राच्या मुठींत अडकवली. पडद्यात डोके घालणार तोच ती थांबली आणि मान वळवून तिने विचारले, "खाली कोण आहे?"

"मी आहे," यंत्राच्या बाहूंपाशी उभ्या राहिलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बऱ्यापैकी मोठ्याने.