काकूंच्या वावरातली भेंडी

पिंपळगाव राजाच्या शाळेत रुजू होऊन मला चार वर्षं झाली होती. सुट्टीच्या दिवशी मी कथा लिहीत असे. एका कथेत एक बाई भेंडी तोडते. शेजारच्या काकू भाजीपाला पिकवतात, म्हणून तेवढा भाग मी मोठ्या हौसेनं त्यांना वाचून दाखवला. कोवळं ऊन, हिरवागार मळा, नाजूक बोटं, असं सगळं.

काकूंनी शेवटपर्यंत ऐकलं. "मॅडम, हे बाई भेंडी तोडून राह्यली का फुलं वेचून राह्यली?"

"काऊन वो काकू?"

"तिचे हात खाजवत नाहीत काय? उद्या सकायी चाला माह्यासंगं वावरात."

गेले. काकूंनी त्यांच्या मालकांचा जुना सदरा मला अंगावर चढवायला दिला. तरीही थोड्याच वेळात माझी मनगटं चुणचुणायला लागली. पानांवरची लव इतकी बारीक, की तिरपं ऊन पडलं तेव्हा कुठे दिसली. देठाजवळ मुंग्या चढत होत्या. काकूंचा हात भराभर चालायचा. नुसतं बोट लागलं की कोवळी कोणती, जून कोणती, त्यांना कळायचं. बोटाच्या पेराएवढ्या एका भेंडीकडे पाहून म्हणाल्या, "थे राहू द्या. थे परवाची आहे."

आणि तिच्या वरच फूल होतं. फिकट पिवळं, ऊन आरपार जाईल इतकं पातळ, आणि तळाशी गर्द जांभळा डोळा. जन्मभर भेंडी चिरत आले होते मी. तिला असं फूल येतं, हे पाहिलंच नव्हतं. मी वाकून तशीच उभी राहिले.

"दुपारलोक राह्यते," काकू म्हणाल्या. "मंग मिटते. पुन्हा नाही उघडत."

माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर रोज सकाळी हे घडत होतं.

घरी येऊन ते पान फाडलं. पुढचा आठवडाभर वावरातल्या भेंडीच्या एकाच सरीबद्दल लिहिलं, आणि 'हिरवागार' हा शब्द कुठेच लागला नाही. पुन्हा काकूंकडे गेले. त्या डाळ निवडत होत्या. मी वाचत होते तसतसा त्यांचा हात मंदावला, मग सुपातच थांबला. वाचून झालं. मला धाकधूक वाटू लागली.

त्यांनी सूप बाजूला सरकवलं.

"फुलाचं एकडाव अजून वाचा," म्हणाल्या.