आजीवन वॉरंटीवाला क्रिसांतो

क्रिसांतो माग्बानुआ याच्याइतका कोत्या मनाचा माणूस मी मनिलाच्या बनावे रस्त्यावर दुसरा पाहिला नाही, आणि गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या या रस्त्यावर कोत्या माणसांची वानवा मुळीच नाही. माझी खानावळ त्याच्या दुकानाला लागून. मध्ये प्लायवुडची पातळ भिंत. त्यामुळे माझी इच्छा असो नसो, त्याचं सगळं बोलणं मला रोज भात शिजवता शिजवता ऐकावं लागायचं.

तो मूळचा नेग्रोस बेटावरचा. तरुणपणी मनिलात आला तेव्हा कियापोच्या चर्चबाहेर मेणबत्त्या विकायचा. जळून संपली म्हणून मेणबत्ती कोणी परत आणत नाही, हे त्याने तिथे पाहिलं आणि जन्मभर लक्षात ठेवलं. पुढे रेमेडिओसशी लग्न झालं. तिच्या वडिलांचं दुकान होतं, ते मुलीच्या नावावर झालं आणि गल्ल्यावर जाऊन बसला हा.

विकायचा काय, तर गाडीच्या पुढच्या दिव्यांचे बल्ब. गाडीबरोबर कंपनीकडून येतात ते नव्हेत. निळसर काचेचे, खोक्यावर 'दुप्पट पांढरा उजेड' छापलेले. बसवल्या दिवशी गिऱ्हाईक खूश, कारण समोरची भिंत लख्ख दिसायची. मग पावसाळा अर्धा सरायच्या आत एक बल्ब मान टाकायचा. उजेड पांढरा दिसावा म्हणून आतली तार जास्त तापवलेली असते, ती लवकर तुटते. हे मला त्यानेच सांगितलं, माझ्याकडचं फुकटचं सूप पिता पिता, आणि सांगताना हसला.

दुकानावर मोठ्या अक्षरांत 'आजीवन वॉरंटी' लिहिलेलं. ते वाचून माणसं मेलेले बल्ब घेऊन यायची.

"बॉस, हा गेला."

"बघू." तो सोनारासारखं भिंग डोळ्याला लावायचा. "काचेवर बोटाचा ठसा आहे. हात लागला की काच तापून बल्ब जातो. वॉरंटीत नाही बसत."

"पण बसवला तुमच्याच माणसाने."

"मग ठसा त्याचा असेल. माझा तर नाही ना?"

"अहो, बाहेर आजीवन लिहिलंय."

"लिहिलंय की. बल्बच्या आयुष्यभर. आता त्याचं आयुष्यच संपलं, त्याला मी काय करू?"

फारच तोंडाळ गिऱ्हाईक असलं, तर तो एकच बल्ब बदलून द्यायचा, तोही कोणीतरी परत केलेल्यांतला, अजून कसाबसा पेटणारा. मग गाडीचा एक डोळा निळा आणि दुसरा झिजून पिवळट झालेला. असली गाडी दिसली की आमच्या रस्त्यावरची माणसं म्हणायची, हा आमच्या क्रिसांतोचा बकरा.

आनिसेतो हा रेमेडिओसचा धाकटा भाऊ. सगळे त्याला सेतो म्हणतात. बेंगेटच्या डोंगरातून कोबी आणून इथल्या बाजारात उतरवायचा. जुना छोटा ट्रक, साधा भोळा माणूस. क्रिसांतोने त्याच्याही गळ्यात ते निळे बल्ब मारले. एक गेला, तर परत आलेल्यांतला एक दिला. सेतोने तोच बसवून घेतला. बहिणीचा नवरा, त्याच्याशी बल्बावरून काय भांडायचं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात, दिवेलागणीला, भरला ट्रक घेऊन तो घाट उतरत होता. धुकं होतं. आधी बदलून मिळालेला बल्ब गेला. गाडी बाजूला घ्यायला जागा मिळेपर्यंत दुसराही गेला. ट्रक कठड्याला घासत जाऊन आडवा झाला. कोबी दरीत गेला, सेतोची मांडी मोडली.

त्याला मनिलातल्या दवाखान्यात आणलं, तेव्हा रेमेडिओसबरोबर मीही गेले. आल्याची भातपेज करून नेली होती. दुपारी क्रिसांतो आला. हातात कागदी पिशवी. सेतोला वाटलं, फळं असतील.

पिशवीतून बल्बाचं खोकं निघालं.

"तुझं वॉरंटीत बसतंय," क्रिसांतो म्हणाला. "जुना दे."

सेतो त्याला कुया, म्हणजे दादा, म्हणायचा. "जुना ट्रकमध्ये आहे, कुया. ट्रक अजून घाटात पडलाय."

"जुना घेतल्याशिवाय नवा देता येत नाही. बायकोच्या भावाला वेगळा नियम लावला तर लोक काय म्हणतील?"

खोकं परत पिशवीत गेलं. पिशवी काखेत गेली. मग त्याने खुर्ची ओढली आणि सेतोसाठी आणलेल्या पेजेतला एक वाडगा स्वतःला वाढून घेतला. मीठ कमी आहे म्हणाला.

रेमेडिओस नवऱ्याचा वाडगा रिकामा होईपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच बसने वर घाटात गेली. ट्रक ओढून काढणाऱ्यांकडून तिने दोन्ही बल्ब काढून घेतले, रुमालात बांधले आणि खाली आली. शनिवार होता. दुकानात व्हॅनवाले, टॅक्सीवाले दाटीने उभे होते, निम्मे तक्रार घेऊन आलेले. तिने रुमाल काउंटरवर सोडला.

"सेतोचे आहेत," ती म्हणाली. "दे बदलून."

मला वाटलं, चारचौघांत तरी हा माणसासारखा वागेल. त्याने भिंग उचललं.

"काच तडकलीये. अपघातात तडकलेली काच वॉरंटीत येत नाही, रेमी. तुला माहीत आहे."

भिंतीच्या माझ्या बाजूला मी कढई उतरवली आणि त्यांच्या दुकानाच्या दारात येऊन उभी राहिले.

"ऊठ," रेमेडिओस म्हणाली.

"काय?"

"स्टुलावरून ऊठ. दुकान माझं आहे."

तो उठला. मोठा आवाज काढायची त्याची ताकद फक्त गिऱ्हाइकांपुढे होती. ती मागच्या कपाटाकडे गेली, कुलूप उघडलं आणि खोकी काढून काउंटरवर मांडायला लागली. साध्या काचेचे, पिवळ्या उजेडाचे, वर्षानुवर्षं टिकणारे बल्ब.

"हे पण असतात तुमच्याकडे?" एका टॅक्सीवाल्याने विचारलं. "मी मागितले तेव्हा म्हणाले, हल्ली येतच नाहीत."

"हे आमच्या गाडीसाठी ठेवतो तो," रेमेडिओस म्हणाली.

टॅक्सीवाला बाहेर गेला. दारात क्रिसांतोची पांढरी गाडी उभी होती. तो तिच्या दिव्यांपुढे वाकला, काचेतून आत बघितलं आणि परत येऊन म्हणाला, "खरंच की. साधेच आहेत."

क्रिसांतो म्हणाला, "माझे डोळे नाजूक आहेत. मला पांढरा उजेड सोसत नाही." कोणी हसलंसुद्धा नाही. एक म्हातारा व्हॅनवाला त्याच्या पायाशी थुंकला आणि रांगेत आपली जागा धरून उभा राहिला. रेमेडिओसने त्या दिवशी आलेल्या प्रत्येकाला जोडीने बल्ब बदलून दिले. ठसा बघितला नाही, भिंग तर तिने कचऱ्यात टाकलं.

आता दुकान तीच चालवते. निळे बल्ब ठेवत नाही. गर्दी पूर्वीइतकी नसते, कारण चांगला बल्ब घेऊन गेलेला माणूस लवकर परत येत नाही. क्रिसांतो महिनाभर बहिणीकडे जाऊन राहिला, बायकोचं डोकं फिरलंय असं सगळ्यांना सांगितलं, आणि बहिणीनेही कंटाळून हाकलला तेव्हा परतला. रेमेडिओसने त्याला घरात घेतलं, दुकानात नाही. रस्त्याच्या टोकाला मोबाइलचे चार्जर मांडून बसतो. त्यांनाही वॉरंटी आहे म्हणे.

जेवायला माझ्याकडेच येतो. गेल्या महिन्यात तो जेवत असताना सेतो काठी टेकत आत आला. मांडी जुळली, पण पाय थोडा आखूड राहिला. ट्रक आता त्याचा मित्र चालवतो. अपघातानंतर या दोघांची समोरासमोर गाठ पहिल्यांदाच पडत होती. मी हातातली पळी तशीच धरून थांबले.

"तू त्या दिवशी लांबच्या झोताचा दिवा लावून चालवत होतास का रे?" क्रिसांतोने घास चावत विचारलं. "लांबचा सारखा लावला की बल्ब लवकर जातो."

सेतोने पलीकडच्या टेबलाशी काठी टेकवली, माझ्याकडे वळून तळलेला मासा आणि भात मागवला आणि त्याच्याकडे पाठ करून जेवायला बसला.